दुसऱ्या गावचा खजिनदार

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी माजी खजिनदार म्हणून दोन-चार पानं लिहून द्या, असा निरोप संपादक मंडळाकडून आला. त्यांना बहुधा सुरुवातीच्या दिवसांच्या आठवणी हव्या असतील. पाण्याचे टँकर, अर्धवट जिने, पहिला गणपती वगैरे. त्या आठवणी इतर मंडळींनी माझ्यापेक्षा रंगवून लिहिल्या आहेत. मी दुसऱ्याच एका खजिनदाराची गोष्ट सांगणार आहे. ती आपल्या सोसायटीपाशी कशी येऊन पोहोचते, ते शेवटी कळेल. तेवढा धीर धरावा, ही विनंती.

माझी मुलगी आणि जावई काही वर्षं ऑस्ट्रियाच्या राजधानीत, व्हिएन्नात होते. २०१८ च्या मे महिन्यात आम्ही दोघं नवरा-बायको तिकडे जाऊन आलो. राजवाडे झाले, संगीतकारांचे पुतळे झाले, नदीतली बोट झाली. एका रविवारी जावयानं विचारलं, की बाबा, तुम्हाला चाळी बघायच्यात का? मी जन्मलो नायगावच्या बीडीडी चाळीत. परदेशात येऊन चाळ कसली बघायची, असं मनात आलं, पण गेलो.

मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनाबाहेर पडलो आणि समोर एक इमारत दिसली. ती संपेचना. जवळजवळ एक किलोमीटर लांब, मधे मोठमोठ्या कमानी, कमानीतून आत गेलं की बागा आणि झाडं. तिचं नाव कार्ल-मार्क्स-होफ. १९३० साली तिचं उद्घाटन झालं. १,३८२ घरं. आणि एवढी घरं असून बांधकामानं व्यापलेली जागा प्लॉटच्या जेमतेम पाचवा हिस्सा, बाकी सगळं मोकळं. आत बालवाडी, वाचनालय, दातांचा दवाखाना, औषधाचं दुकान, कपडे धुण्याची मोठी सोय, स्नानगृहं. सगळं कामगारांसाठी आणि सगळं नगरपालिकेनं बांधलेलं. आजही लोक तिथे भाड्यानं राहतात.

मला आमची खोली आठवली. १६० चौरस फूट, आम्ही सात माणसं, नळ आणि संडास बाहेर, मजल्याला मिळून. गंमत म्हणजे आमची चाळ आणि व्हिएन्नातल्या या वसाहती एकाच दशकातल्या. दोन्हीकडे सरकारी पैसा, दोन्हीकडे कामगारांसाठी घरं. मग फरक कुठे पडला? वीट तीच, सिमेंट तेच. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला पुढचा प्रश्न पडणारच, तो म्हणजे पैसा आणला कुठून?

त्या वसाहतीतल्या जुन्या धुलाईघरात आता एक छोटं संग्रहालय आहे. तिथे या प्रश्नाचं उत्तर फोटोच्या रूपात भेटलं. चष्मा, साधा कोट, चेहरा अगदी आपल्या ब्रँच मॅनेजरसारखा. नाव ह्यूगो ब्राइटनर. शहराच्या अर्थखात्याचे प्रमुख, म्हणजे सोप्या भाषेत शहराचे खजिनदार. एके काळी त्या गावात हे नाव माहीत नाही असा माणूस नव्हता. अर्धं गाव त्यांना दुवा देत होतं आणि उरलेल्यातले पुष्कळ जण शिव्या.

ब्राइटनर यांचा जन्म ९ नोव्हेंबर १८७३ चा, व्हिएन्नातच, एका ज्यू धान्य व्यापाऱ्याच्या घरात. म्हणजे आपल्याकडे महात्मा फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला, त्याच वर्षीचा. तरुणपणी ते लेंडरबँक नावाच्या मोठ्या बँकेत नोकरीला लागले आणि पायरी पायरीनं चढत डायरेक्टर झाले. बँक कर्मचाऱ्यांची संघटना बांधण्यातही ते पुढे होते. म्हणजे हिशेबाची दोन्ही टोकं त्यांनी पाहिली होती, वरच्या मजल्यावरचीही आणि काउंटरमागचीही. पहिलं महायुद्ध संपताना त्यांनी बँक सोडली आणि सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचं काम पत्करलं.

तेव्हाच्या व्हिएन्नाची अवस्था काय सांगावी! साम्राज्य मोडलं होतं. वीस लाखांच्या घरातलं शहर एका छोट्याशा देशाला जड झालं होतं. कामगारांची घरं म्हणजे एक खोली आणि एक अंधारं स्वयंपाकघर, पाण्याचा नळ आणि संडास व्हरांड्यात. हे वाचताना मला नायगावच दिसत होतं. त्यातही भाडं परवडत नाही म्हणून लोक घरातली एखादी खाट परक्या माणसाला झोपण्यापुरती भाड्यानं देत. क्षयरोग इतका होता की त्याला व्हिएन्नाचा आजार असंच म्हणत. युद्धकाळात सरकारनं भाडी गोठवली होती. भाडेकरूंना त्यानं आधार मिळाला, पण महागाई अशी भडकली की भाड्याला काही किंमतच उरली नाही. साहजिकच खासगी मालकांनी नवीन घरं बांधणं सोडून दिलं.

१९१९ च्या मे महिन्यात शहरात पहिल्यांदा सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांच्या मतांवर निवडणूक झाली आणि ब्राइटनर यांचा पक्ष बहुमतानं आला. १९२० पासून शहराचं अर्थखातं त्यांच्याकडे होतं. तिजोरी रिकामी, आणि नोटांची किंमत सकाळ-संध्याकाळ घसरत होती. दुसऱ्या कुणी हात वर केले असते. त्यांनी आधी एक मूळ गोष्ट मिळवली. १ जानेवारी १९२२ पासून व्हिएन्ना शहराला स्वतंत्र प्रांताचा दर्जा मिळाला, आणि त्याबरोबर स्वतःचे कर बसवण्याचा अधिकार. घराचं स्वप्न सगळेच दाखवतात. या माणसानं आधी पावतीपुस्तक हातात घेतलं.

त्यांच्या करांची तऱ्हा बघण्यासारखी होती. ज्यांच्याकडे चैन होती, तिथे कर. मोटारगाडीवर, शर्यतीच्या घोड्यांवर, करमणुकीच्या तिकिटांवर, बड्या हॉटेलांतल्या खाण्यापिण्यावर. घरात एक मोलकरीण असेल तर कर नाही. दुसरीपासून कर सुरू, आणि नोकर वाढतील तसा दर चढता. पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, हे ते लोकांना जोड्या लावून सांगत. शाळेतल्या मुलांच्या दातांच्या दवाखान्यांचा खर्च शहरातल्या चार नामांकित मिठाईवाल्यांच्या करातून निघतो, पोरांच्या पोहण्याच्या हौदांचा खर्च बड्या हॉटेलांच्या करातून, आणि बाळंतिणींच्या रुग्णालयाचा खर्च घोड्यांच्या शर्यतीतून, अशा त्या जोड्या होत्या. बजेट वाचताना माझे डोळे मिटतात, तुमचेही मिटत असतील. या जोड्या ऐकल्यावर मात्र भाजीवालीलाही शहराचं बजेट कळलं असेल.

घरांसाठी त्यांनी १९२३ च्या सुरुवातीला वेगळा गृहबांधणी कर आणला. तो भाड्याच्या सगळ्याच जागांवर होता, अगदी गरिबाच्या खोलीवरसुद्धा. पण गरिबाला अगदी किरकोळ, आणि घर जसं मोठं तसा दर चढत जाणारा. शहरातल्या सगळ्यात महागड्या जागा मोजल्या तर त्या एकूण जागांच्या फक्त अर्धा टक्का होत्या. या कराचे जवळपास ४५ टक्के पैसे त्या अर्ध्या टक्क्यातून येत. शिवाय हा पैसा घरांवरच खर्च करायचा, असं बांधून दिलेलं. एवढ्यानंही भागत नव्हतं. बराचसा भार शहराच्या इतर उत्पन्नातून उचलावा लागे. पण करामुळे दरवर्षी ठरलेली रक्कम हातात येण्याची खात्री झाली आणि कामाला शिस्त आली.

आता या सगळ्यातली खरी गोम सांगतो. ती मला एक बँकवाला म्हणून फार भिडली. ब्राइटनर यांनी घरं कर्ज काढून बांधली नाहीत. शक्य तोवर चालू वर्षाच्या उत्पन्नातूनच बांधली. विरोधक म्हणत की हा वेडेपणा आहे, जगात सगळे कर्जानं बांधतात. पण हिशेब करून बघा. कर्ज काढलं की व्याज आलं. व्याज कोण भरणार? शेवटी ते भाड्यातूनच वसूल होणार, म्हणजे घर ज्याच्यासाठी बांधलं त्याच गरिबाच्या खिशातून, आणि तेही दोन-तीन पिढ्या. व्याजच नाही म्हटल्यावर भाड्यात फक्त देखभाल-दुरुस्तीचा खर्च धरायचा. त्यामुळे या घरांचं भाडं कामगाराच्या पगाराच्या साधारण ४ टक्के एवढंच पडे.

१९२३ साली ठरलं की पाच वर्षांत २५ हजार घरं बांधायची. ती मुदतीच्या आधीच झाली, म्हणून १९२७ मध्ये आणखी ३० हजारांचा बेत केला. भाडी गोठल्यामुळे जमिनीचे भाव पडलेले होते, त्याचा फायदा घेऊन शहरानं भराभर जमिनी विकत घेतल्या. सुरुवातीची घरं बहुतेक ३८ आणि ४८ चौरस मीटरची होती, म्हणजे साधारण चारशे आणि पाचशे चौरस फूट. नळ आत, संडास आत, प्रत्येक खोलीला उजेड. आंघोळीची सोय मात्र सार्वजनिक. घर कुणाला द्यायचं ते गरजेप्रमाणे गुण देऊन ठरत असे. १९३४ पर्यंत अशी साठ हजारांवर घरं उभी राहिली आणि शहरातला साधारण दहावा माणूस त्यांत राहत होता. त्या काळच्या पुष्कळ इमारतींच्या भिंतीवर मोठ्या लाल अक्षरांत लिहिलेलं आहे, की ही इमारत अमुक वर्षी गृहबांधणी कराच्या पैशातून बांधली. आपण देणगीदाराची फरशी बसवतो. त्यांनी कराची बसवली!

आता आमच्या नायगावकडे वळतो. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट काढलं. बीडीडी मधला डी तो. बेत पन्नास हजार खोल्यांचा होता. पैसा उभा केला तो कर्जरोख्यांतून, आणि जोडीला कापसाच्या दर गाठीवर एक रुपया जकात. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या, सुमारे सोळा हजार खोल्या. भाडं खर्चाच्या मानानं कमी ठेवलं, तरी ते गिरणी कामगाराला जड गेलं, आणि सुरुवातीची कित्येक वर्षं बऱ्याच खोल्या रिकाम्या पडून होत्या. ज्या शहरात माणसं जिन्याखाली झोपत होती, त्या शहरात! लहानपणी चाळीतल्या म्हाताऱ्यांकडून हे ऐकलं होतं, तेव्हा त्याचा अर्थ लागला नव्हता. तो व्हिएन्नाच्या धुलाईघरात लागला. मी चाळीला नावं ठेवत नाही. तिथल्या माणसांनी आम्हाला वाढवलं. पण कर्जाच्या पायावर उभ्या खोलीत व्याज नावाचा आठवा माणूस राहत होता, एवढं खरं.

ब्राइटनर यांचं सगळंच गोड होतं असं समजू नका. त्यांच्या हिशेबात एक कच्चा दुवा होता. शहराच्या उत्पन्नाचा मोठा भाग केंद्र सरकारकडून येणाऱ्या वाट्याचा होता, आणि केंद्रात सरकार विरोधकांचं. १९२९ नंतर जगभर मंदी आली, चैनीवरचे कर आटले आणि १९३१ मध्ये केंद्रानं शहराचा वाटाही कापला. कर्ज काढायचं नाही म्हटल्यावर काम मंदावणारच. दुसरं असं की ज्यांना भरावं लागत होतं, ते चिडलेले होते. त्या करांना लोक ब्राइटनर यांच्याच नावानं ओळखत. टीका करांवर होती तोवर ठीक, पण ती त्यांच्या ज्यू असण्यावर घसरली. १९३० च्या निवडणुकीत हाइमवेअर या निमलष्करी संघटनेचे पुढारी श्टारेमबर्ग यांनी भर सभेत त्यांचं शिर धुळीत लोळवण्याची भाषा केली. आणि हे गृहस्थ त्या वेळी देशाचे गृहमंत्री होते.

१९३२ मध्ये प्रकृतीच्या कारणानं ब्राइटनर निवृत्त झाले. १९३४ च्या फेब्रुवारीत देशात यादवी पेटली आणि सरकारी तोफांनी कार्ल-मार्क्स-होफवर मारा केला. लोकांच्या करातून बांधलेल्या भिंती लोकांच्याच करातल्या तोफांनी फोडल्या. ब्राइटनर राजकारणातून बाहेर पडले होते, तरी त्यांना अटक झाली. पुढे हिटलरनं ऑस्ट्रिया गिळल्यावर मायदेश कायमचा सुटला. शेवटी ते अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या क्लेअरमाँट गावी पोहोचले आणि ५ मार्च १९४६ रोजी तिथेच वारले. युद्ध संपलं होतं, पण त्यांना परत व्हिएन्ना दिसलं नाही. शहरानं नंतर एका मोठ्या वसाहतीला त्यांचं नाव दिलं. आज व्हिएन्ना नगरपालिकेच्या मालकीची सुमारे २ लाख २० हजार घरं आहेत. ती आणि सहकारी वगैरे मर्यादित नफ्याच्या संस्थांची घरं मिळून शहरातली साधारण निम्मी माणसं परवडणाऱ्या भाड्यात राहतात. खजिनदार गेला, खातं चालू आहे.

आता आपल्या सोसायटीबद्दल. हे लिहिताना हात जरा अडखळतो आहे.

जुन्या सभासदांना आठवत असेल, २०१२ मध्ये आपण गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बाहेरचं प्लॅस्टर आणि रंगकाम काढलं होतं. दुरुस्ती निधी पुरेसा नव्हता. दर फ्लॅटमागे सारखीच वर्गणी, प्रत्येकी साठ हजार, हा प्रस्ताव माझा होता. सगळे सभासद समान, म्हणून वर्गणी समान, असं मी सर्वसाधारण सभेत ठासून सांगितलं आणि हात वर झाले. ए विंगमधल्या माझ्या टू बेडरूमला साठ हजार आणि बी विंगमधल्या वन रूम किचनला साठ हजार. हिशेब सोपा, भांडण नाही.

बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक कुटुंब होतं. नाव लिहीत नाही. त्याच वर्षी त्या गृहस्थांची नोकरी गेली होती. दोन हप्ते त्यांनी भरले. मग एके दिवशी ते माझ्याकडे आले आणि फ्लॅट विकायचाय, बाकी किती निघते ते सांगा, म्हणाले. मी रजिस्टर उघडलं, आकडा सांगितला. तो विक्रीच्या पैशातून चुकता झाला. ना देय दाखल्यावर सही माझीच आहे. ते लांब, पार बदलापूरपलीकडे गेले. त्यांची धाकटी मुलगी दहावीला होती. सोडायला खाली दोन-तीनच माणसं होती, आणि मी त्यांत नव्हतो. त्या वर्षीच्या अहवालात मी अभिमानानं लिहिलं, की विशेष वर्गणीची वसुली शंभर टक्के. अहवालाची ती प्रत अजून माझ्याकडे आहे.

व्हिएन्नाच्या संग्रहालयात त्या चढत्या कराचा तक्ता बघताना मला माझं ते शंभर टक्के आठवलं. समान वर्गणी म्हणजे समान भार नव्हे, एवढी साधी गोष्ट बँकेत पस्तीस वर्षं काढून मला कळली नव्हती. जावई पुढे जाऊन फोटो काढत होता. मी तिथल्या बाकावर जरा बसून राहिलो.

मुंबईत २०२२ पासून पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. बी विंगला त्याचा फायदा मिळतो आहे, चांगलंच आहे. पण लहानाला सूट देणं हे अर्धंच काम झालं. मोठ्याकडून जे घेतलं ते कुठल्या भिंतीत गेलं, हे दिसलं तर दुसरं अर्धं पुरं होतं. दर फेब्रुवारीत महापालिकेचं बजेट येतं. आपण पेपरात पाणीपट्टी वाढली का एवढं बघतो आणि पान उलटतो. यंदापासून मी एक नवी सवय लावून घेतली आहे. आपल्या जिन्याची झाडलोट करणाऱ्या बाई, रात्रपाळीचे वॉचमन, ही माणसं या शहरात कुठे राहू शकतील, याचं उत्तर त्या बजेटात आहे का, ते शोधायचं. तुम्हीही शोधा. नगरसेवक मतं मागायला येईल, तेव्हा गटारांबरोबर हेही विचारा.

आणि जवळचं काम. दोन्ही विंगच्या लिफ्ट बदलायच्या आहेत आणि कॉलमची दुरुस्ती काढायची आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय येणार, आणि समान वर्गणी हाच सोपा तोडगा पुन्हा पुढे येईल. मी आता कमिटीत नाही, एक साधा सभासद आहे. माझी सूचना एवढीच, की मोठ्या कामांची वर्गणी फ्लॅटच्या क्षेत्रफळाप्रमाणे असावी, हप्ते लांबवावेत, ज्यांना जमेल त्यांनी आपला वाटा आधी भरावा म्हणजे कर्ज कमीत कमी काढावं लागेल, आणि ज्याची नोकरी गेली आहे किंवा घरात आजारपण आहे त्याला थांबण्याची मुभा द्यावी. कायदा आणि उपविधी काय म्हणतात ते जाणकारांकडून तपासून घेऊच. यात माझ्या फ्लॅटला जास्त भरावं लागेल. मी हिशेब केला आहे आणि आमच्या सौं.नाही दाखवला आहे. त्या म्हणाल्या, की २०१२ मध्ये का नाही सुचलं? उत्तर माझ्याकडे नव्हतं.

पंचवीस वर्षांत आपण पाण्याची टाकी बांधली, झाडं लावली, मुलांची लग्नं या पटांगणात लावली. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात आता चांगले शेजारी राहतात, त्यांच्याविषयी काही म्हणणं नाही. पण रौप्यमहोत्सवाची निमंत्रणं वाटायची तेव्हा एक निमंत्रण बदलापूरपलीकडे न्यायचं आहे. पत्ता शोधून काढला आहे. कुरियर करणार नाही, मी स्वतः जाणार आहे.